कंडक्टरचे साबुदाणे

पिशोरहून शहरात येणाऱ्या आमच्या एसटीचा कंडक्टर तिकिटाआधी चेहरे बघतो. कुणी मळमळलेलं दिसलं की होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या काढतो. "चार चघळा. कांदा खाल्ला नाय ना?" गुण आला तर गोळ्यांचा, उलटी झाली तर कांद्याची.

परवा एका बाईनं मांडीवरची लेक पुढं केली. सकाळपासून उलट्या, पाणीही ठरत नव्हतं. त्यानं पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली, अंगातलं पाणी आटलं होतं. त्यानं गोळ्यांची बाटली बंद केली.

"ताई, हे माझं काम नाय."

गाडी त्यानं थेट सरकारी दवाखान्यापुढं न्यायला लावली आणि लेकरू उचलून आत पळाला. आम्ही खाली उतरून वाट बघत राहिलो. अर्ध्या तासानं तो आला.

"सलाईन लागलं, डोळे उघडले तिनं. बसा आता लवकर, तुमच्यामुळं लई उशीर झालाय."