शिंपीणकाकूंच्या कोंबडीचे जाकीट

यजमान निवर्तल्यावर शिंपीणकाकूंच्या घरी दुसरा सजीव म्हणजे परसातली कोंबडी. ऐन थंडीत तिची पिसे झडू लागली, तेव्हा काकूंनी तिला अंगाबरोबर बसणारे लोकरी जाकीट शिवले. तरीही ती काकडतच राहिली. शेजारचे गुरांचे डॉक्टर तिला पाहून म्हणाले, "काकू, हिला शाळेत घालताय की काय? कोंबडा पाठ ओरबाडत असता आणि ती झाकायची असती, तर गोष्ट वेगळी. कोंबडी पिसं फुलवून ऊब धरते. ती इथं दबलीत. काढा हे."

"माप चुकलं का?"

"माप बिनचूक आहे, तीच पंचाईत."

काकूंनी टाके उसवले. कोंबडीने अंग फुलवले आणि ती कोरड्या गवतात स्वस्थ बसली. आता तिच्यासाठी करण्याजोगे काही उरले नव्हते. पण तिला उबेत बसलेली पाहून काकूंना त्याचे वाईट वाटले नाही.