वडिलांच्या नकाशाचे फोटो

ट्रंक उघडली आणि डांबरगोळीचा वास आला की मला वडिलांचा शेताचा नकाशा आठवतो. सोनगीरजवळच्या त्या शेताची वाटणी मी आणि धाकटा भाऊ करणार होतो. नकाशा चादरीएवढा मोठा आणि हात लावला की फाटणारा, म्हणून भावाच्या मुलीनं तो ओसरीवर पसरला आणि मोबाइलवर तुकड्यातुकड्यानं फोटो काढून जोडायचं ठरवलं. ती नकाशावर उभी राहायला गेली तशी मी ओरडले, "मन्हा बापना कागदवर पाय देस का?" ती म्हणाली, "आत्या, फोटो सरळ वरूनच घ्यावा लागतो. कडेवरून घेतला तर लांबचं आखूड येईल." "येऊ दे," मी म्हटलं. मग तिनं वाटणीत भावाकडे जाणार होती त्या बाजूच्या कडेला बसून, हात लांबवून फोटो काढले आणि धुळ्याहून ते जोडून एका कागदावर छापून आणले. भावानं त्यावर मधोमध पेन्सिलीनं रेघ मारली आणि हसला, "अक्का, विहीर ते बठ्ठी तुन्हाकडे गई!" सगळीच्या सगळी विहीर माझ्याकडे! खरं तर ती शेताच्या बरोबर मध्यावर होती, दोघांची. छापलेल्या कागदावर माझी बाजू आखूड झाली, म्हणून ती सरकून माझ्या वाट्यात दिसत होती. पोरीला ते कळलं. ती माझ्याकडे बघत राहिली, पण मोठ्यांपुढे बोलली नाही. मलाही कळलं होतं. मी म्हटलं, "कागदावर आहे तसं." त्याच रेघेवर बांध पडला. पाणी मी भावाला कधी नाकारलं नाही. पण आजही कापसाला पाणी भरायचं झालं की तो आधी माझ्या दारात येऊन विचारतो, आणि मी त्याला विचारू देते.