जितं की मेलं

आधी ती कापड कानाशी न्यायची. दोन्ही मुठींत धरून एकच हिसका द्यायची. टण्ण वाजलं तर म्हणायची, "जितं." फस्स आवाज आला तर, "मेलं." आणि मेलेलं कापड सरळ मालकिणीच्या मांडीवर टाकायची. मग ती साडी कुणाच्या लग्नातली असो नाहीतर डोहाळजेवणातली.

तुमच्याही बिल्डिंगीत दिवाळीच्या आधी अशी एखादी येत असेल. आमच्या वाशीच्या सोसायटीत ही यायची, आठवडाभर, गोधड्या शिवायला. मूळची साताऱ्याकडची. नवरा मार्केटात कांद्याच्या गोणी वाहायचा, बिऱ्हाड कोपरखैरण्याला. गोधडीला ती वाकळ म्हणायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो, ती मला वैनी. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. फ्लॅट नवे, घरोघरी नुकती केबल आलेली, आणि सगळ्यांनाच जुन्या ट्रंका रिकाम्या करून सोफे मांडायचे होते. त्यामुळे गच्चीवर तिच्यापुढे कपड्यांचा हा एवढा ढीग पडायचा.

तिचा आठवडा ठरलेला. पहिल्या दिवशी हिसके. दुसऱ्या दिवशी उसवणं आणि धुणं. तिसऱ्या दिवशी थर अंथरायचे आणि मग त्या थरांवरच बसून, सरकत सरकत धावदोरा घालत राहायचं, ते थेट वसुबारसेपर्यंत. खालून चिवड्याच्या फोडणीचा वास यायचा. बायका गॅस बारीक करून वर यायच्या, आपली गोधडी कुठवर आली ते बघून जायच्या. कुणी नायलॉनची साडी आणली की ती तिला हातही लावायची नाही. "ह्येला जीव बी न्हाय आन् मरन बी न्हाय. पायपुसनं करा."

गोधडीच्या चारही कोपऱ्यांना ती लाल कापडाचं तिकोनी ठिगळ लावायची. तीन कोपरे गच्चीवर. चौथा मात्र वसुबारसेला, ज्याच्या त्याच्या घरी, उंबऱ्याच्या आत बसून. ठिगळाखाली चिमूटभर तांदूळ टाकायची. मी एकदा म्हटलं, "अहो मावशी, किडे होतील." तर म्हणाली, "हुंद्यात. त्येंची बी दिवाळी हाय."

मला तिचं तोंड भारी आवडायचं. मी घरीच असायचे, दुपारी सुयांत दोरा ओवून द्यायच्या निमित्ताने वर जाऊन बसायचे. ती कपडे बघून घरं वाचायची. दुसऱ्या मजल्यावरच्या बँकेतल्या बाईंच्या मिस्टरांचा शर्ट उलटापालटा केला आणि म्हणाली, "कॉलर जरा बी घासली न्हाय. साहेब मान वर करत न्हाईत वाटतं घरात." बँकेतल्या बाई समोरच बसलेल्या. त्यांचा चेहरा बघून मी तोंडात पदर कोंबला.

तळमजल्यावरच्या आजी आपल्या गेलेल्या नवऱ्याची धोतरं घेऊन आल्या होत्या. त्यांची गोधडी करून पांघरायची होती म्हाताऱ्या बाईला. हिने एकेक धोतर कानाशी नेलं. मेलं. मेलं. हेही मेलं. "आजोबा गेलं, आन् जाताना धोतरं बी घिऊन गेलं," म्हणाली. आजी रडायला लागल्या. आणि मी हसले. खोटं कशाला सांगू? चांगली मोठ्याने हसले.

मग गोधडी आजींच्या जुन्या लुगड्यांची शिवली. पण वसुबारसेला तिचा चौथा कोपरा घालताना तिने लाल कापड घेतलंच नाही. त्या धोतरांपैकी एकाचा काठ काढून ठेवला होता, त्याचं ठिगळ लावलं. "काठ तेवढा जिता निघाला," एवढंच म्हणाली. ती माणसांना काय वाटेल ते बोलायची, पण कापडाच्या बाबतीत तिने कधी खोटं सांगितलं नाही.

माझा मुलगा पाचव्या दिवशी गेला होता, आम्ही वाशीला यायच्या आदल्या वर्षी. सोसायटीतल्या बायका हा विषय माझ्यासमोर काढत नसत, माझ्या पाठीमागे काढत. हिने पहिल्याच वर्षी सगळ्यांदेखत विचारलं, "किती दिसांचा हुता?"

"पाच."

"दूध आलं हुतं?"

"आलं होतं."

"हूं," म्हणाली आणि दाताने दोरा तोडला. मला राग आला नाही. उलट कुणीतरी सरळ विचारलं म्हणून मी त्या दुपारी भडाभडा बोलले. ती एकदाही 'होईल दुसरं' म्हणाली नाही. नंतर आम्हाला काही झालं नाही, ते अलाहिदा.

तीन दिवाळ्या अशा गेल्या. चौथ्या वर्षी ती लेकीला घेऊन आली. पहिलटकरीण, सातवा महिना, वय फार तर एकोणीस. उंच, लाजरी, मला काकू म्हणायची. पाण्याच्या टाकीच्या सावलीला बसून माझ्या हातचं कैरीचं लोणचं नुसतंच चाटून खायची. मावशीला लेकीच्या बाळाची पहिली वाकळ शिवायची होती. ती तुकड्यातुकड्यांची, आणि त्यांच्याकडची रीत अशी की सात लेकुरवाळ्यांच्या नेसत्या साडीतला एकेक तुकडा त्यात हवा. म्हणजे बाळ जगतं.

लगेच बायकांची धांदल उडाली. जी ती आपला मऊ तुकडा आणून देतेय. मीही खाली गेले. आईने बाळंतपणात नेसायला दिलेली अबोली रंगाची सुती साडी होती माझ्याकडे. तिचा पदर कापला. तोवर त्या साडीला मी कात्री लावली नव्हती.

वर येऊन तुकडा पुढे केला. तिने हात मांडीवरून उचललेच नाहीत.

"तुमचं ऱ्हाऊंद्या, वैनी."

"अहो, वाजवून तर बघा."

"त्यात काय वाजवायचं?"

गच्चीवर पाच-सहा जणी होत्या. बँकेतल्या बाई आभाळाकडे बघायला लागल्या. पोरीने मान खाली घातली. मी तुकड्याची घडी केली आणि खाली आले. चकलीचं पीठ भिजवलेलं होतं. त्या दिवशी माझी एकही चकली तुटली नाही.

त्यानंतर कधीतरी बँकेतल्या बाईंनीच जिन्यात सांगितलं, मावशीच्या लेकीचं बाळ गेलं. नवव्या दिवशी. सातही जणींचे तुकडे होते त्या गोधडीत. मला काय वाटलं विचाराल तर आधी बरं वाटलं. मग वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. पण आधी बरं वाटलं.

पाचव्या दिवाळीला ती आली तेव्हा एकटी होती. हिसके तसेच द्यायची, पण टोमणे बंद. बायकांना चुकल्यासारखं व्हायचं. मी आईच्या लुगड्यांची गोधडी शिवायला टाकली, पण वर जाऊन बसले नाही. सुयांत दोरे तिचे तिनेच ओवले.

वसुबारसेला दुपारी चारच्या सुमारास बेल वाजली. काखेत माझी गोधडी, तीन कोपरे झालेली. दुसऱ्या हातात एक हिरवी सुती साडी. दरवर्षी थेट आत येऊन बसणारी बाई उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"वैनी, एक काम हुतं."

"बोला."

"थोरल्या सुनंला दिवस गेल्यात. तिच्या वाकळंसाठी कापडं गोळा करत हुतो, तर पोरीनं आपनहून ही साडी काढून दिली. डोहाळजेवनातली हाय तिची. सुनंच्या आईनं बाजूला फेकली. म्हनली, हिचं नगं. तवापास्नं पोरगी जेवत न्हाय का बोलत न्हाय. नुसती साडी घिऊन बसती."

तिने काखेतली गोधडी उंबऱ्यावर ठेवली.

"तुमच्या वाकळंच्या ह्या कोपऱ्याला ह्येचं ठिगळ लावू द्या. लई नगं, एवढंसं. कुनीतरी घेतलं म्हनून तिला सांगन. दुसऱ्या कुनाच्या दारात जाऊ? तुमास्नी ठावं हाय, वैनी."

ठाऊक होतंच की. माझ्याइतकं त्या अख्ख्या बिल्डिंगीत कुणाला ठाऊक होतं? मी तिच्या हातातून साडी घेतली. जेमतेम चारदा नेसलेली असेल, अजून खळही गेली नव्हती. मी ती कानाशी नेली. दोन्ही मुठींत धरून हिसका दिला.

टण्ण. जिन्यात घुमलं.

"मेलं," मी म्हणाले.

तिला आधी कळलंच नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "वाजलं की ओ, वैनी."

मी साडी तिच्या हातात ठेवली.

तेवढ्यात जिन्याच्या वळणावरून पोरगी वर आली. तिला खाली थांबवलं असेल, ती अर्ध्या जिन्यात येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. देवाशप्पथ, मला ती दिसली नव्हती. दिसली असती तर मी तसं म्हटलं नसतं असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले आहे.

तिने आईच्या हातून साडी घेतली. रडली नाही, काही नाही. तिथेच आमच्या दारात उभं राहून, काठाला काठ लावून, हनुवटीखाली धरून नीट घडी घातली.

"येते, काकू," म्हणाली आणि आईच्या दंडाला धरून खाली उतरली. माझी गोधडी उंबऱ्यावर राहिली.

त्यानंतर मावशी आमच्या सोसायटीत आली नाही. पुढच्या दिवाळीला मी कोपरखैरण्याला जाऊन आले. खोलीत दुसरं बिऱ्हाड होतं. शेजारीण म्हणाली, सगळी गावाला गेली. पोरगी कशी आहे, हे विचारायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं.

गोधडी अजून आहे. तीन कोपऱ्यांना लाल ठिगळं आहेत, चौथ्यातून आईचं लुगडं बाहेर डोकावतं. घरात सुई आहे, दोरा आहे, लाल कापडही आहे. पाहुणे आले की विचारतात, "हा एक कोपरा असाच का हो राहिला?"

मी सांगते, शिवणारी बाई आलीच नाही.