कोकमतेलाचा गोळा
कोकमतेलाचा वास आला की पंचावन्न सालची रत्नागिरीतली थंडी आठवते. चौथीत शाळा सुटलेली मी, लग्न होऊन सोलापुराहून आले होते. राखेने भांडी घासून बोटांना भेगा पडल्या, तेव्हा सासूबाईंनी कोकमतेलाचा पांढरट गोळा दिला. मी तो साबण समजून रोज पाण्यात घासायची, आणि भेगा वाढतच गेल्या. कालवणाचं तिखट भेगांना झोंबायचं म्हणून जेवताना नुसता भात चिवडत बसायची. "आमचा कालवण रुचत नाय काय गो?" सासूबाईंनी एकदा विचारलंच. आता माहेरी पाठवतील, या धास्तीने मी हात पदराखाली लपवले. त्यांनी माझा हात ओढून बघितला. "अगो खुळे, ह्यो वितळवून लावतात!" पळीत तेल पातळ करून त्यांनी भेगांत सोडलं, आणि तसंच मला कालवणभात भरवायला बसल्या. मी रडत तोंड उघडत राहिले. आज त्या नाहीत, आणि आभार मानायचे राहूनच गेले.