मी न चालवलेलं विमान

नागपूरहून ड्युटीवर जाताना मी विमान चालवत नाही, विमानात बसते. एवढं एक वाक्य बाबांना सांगायचं होतं. ते मी सांगितलं नाही.

माझी नोकरी आखातातल्या एका शहरात आहे. तिथून मी मालवाहू विमान उडवते. काही आठवडे काम, मग सुट्टी, आणि सुट्टीत मी नागपुरात, कळमन्याला आईबाबांच्या घरी. सुट्टी संपली की आधी मुंबईचं विमान, मग पुढचं. तिकीट काढून, साध्या कपड्यांत, चारचौघांसारखी. युनिफॉर्म बॅगेत घडी करून ठेवलेला असतो. कोणी वर्ध्याहून नागपूरला अप-डाऊन करतं, मी समुद्रापलीकडे करते, इतकाच फरक.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बीएस्सी केली, मग विमान शिकले, आणि त्याचा मला गर्व आहे, तो मी लपवत नाही. बाबा कळमना मार्केटमध्ये मापारी होते. काट्यावर पोतं चढलं की ते वजन मोठ्यानं पुकारायचे, शेतकरी मान हलवायचा, अडत्याही मान हलवायचा, पोतं खाली. त्यांनी सांगितलेलं वजन कोणी दुसऱ्यांदा करून मागितल्याचं मला आठवत नाही. घरीही तसंच. आईनं पाहुण्यांना टाळायला ‘घरी नाहीत म्हणा’ म्हटलं, तर हे स्वतःच दार उघडून सांगणार, ‘हाव, मी हाओ ना घरी.’

मला लायसन्स मिळालं तेव्हा खाप्याला, आमच्या मूळ गावी, चौकात फ्लेक्स लागला. माझा फोटो, मागं पांढरंशुभ्र विमान, त्याच्या प्रत्येक खिडकीत एक हसरा माणूस. पुढं नोकरी लागली ती मालाच्या विमानावर. एका लग्नात मी ते खरंखरं सांगितलंही. जेवणाच्या पंगतीत एक नातेवाईक म्हणाले, ‘म्हंजे ट्रकच म्हना ना वं! वरचा ट्रक!’ सगळी पंगत हसली. बाबा तेव्हा वाढप्यांच्या मागं होते, त्यांनी ऐकलं नाही. त्या दिवसापासून मी कोणी विचारलं तर ‘मोठं विमान चालवते’ एवढंच सांगायला लागले. खोटं काही नव्हतं त्यात. माझं विमान मोठंच आहे.

पहिल्यांदा कामावर निघाले तेव्हा बाबा विमानतळाच्या दारापर्यंत आले होते. वर एक विमान उठत होतं. ‘असंच का गा तुवं?’ त्यांनी विचारलं. आनंदात असले की ते मला मुलासारखं ‘गा’ म्हणतात. मी म्हटलं, ‘असंच.’ ‘अन् आताचं? तूच चालवशीन?’ मागं टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, रांग पुढं सरकत होती. मी हसले आणि आत गेले. त्या हसण्याचा त्यांनी हो असा अर्थ घेतला; युनिफॉर्म मी आत जाऊन घालते असं त्यांना वाटायचं. तेव्हापासून मला दारापर्यंत सोडून घरी परतले की ते गच्चीवर उभे राहत आणि त्या वेळेला जाणाऱ्या विमानाला हात करत. आई फोनवर हसत सांगायची. मीही हसायची.

गेल्या सुट्टीनंतर निघाले तेव्हा बाबा नेहमीसारखे दारापर्यंत आले, पण घाईत होते. ‘जाय, जाय,’ म्हणाले. मी आत गेले, सगळे सोपस्कार केले, विमानात वाटेकडेच्या खुर्चीवर बसले. थोड्या वेळानं मान वर केली तर समोरून बाबा येत होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात मफलर, छातीशी धरलेली कापडी पिशवी.

मला आधी वाटलं, माझं काही घरी राहिलं आणि ते द्यायला आले. मग त्यांच्या हातातला बोर्डिंग पास दिसला.

ते एअर होस्टेसला सांगत होते, ‘म्याडम, तिले आताच सांगू नका बरं. चालवतानी ध्यान जाईन तिचं. उतरल्यावर भेटतो मी.’ तिला मराठी येत नसावं. ती हसून ‘वेलकम सर’ म्हणाली. ते पुढं सरकले. मी वाकले आणि बुटाची लेस सोडून पुन्हा बांधायला लागले. ते माझ्या खांद्याला पिशवी घासून गेले. त्यांनी बसलेल्यांत एकदाही पाहिलं नाही. काहून पाहतील? मी तर त्यांच्या लेखी पुढं, बंद दाराच्या आत होते.

ते माझ्या दोन रांगा मागं बसले. शेजारच्या माणसाकडून त्यांनी पट्टा लावून घेतला आणि विमान हलायच्या आत सगळं सांगून टाकलं. बाजारातल्या मुनीमानं मोबाईलवर तिकीट काढून दिलं, जायचं अन् संध्याकाळी यायचं, पोरीला पत्ता नाही.

‘माही पोरगी चालवून राहिली हे.’

‘क्या बात है काका! लेडी पायलट? मंग तं पट्टा अजून टाइट करा लागते.’

‘भेव नका. माहा पाय मोडला तव्हा मले गाडीवर डबल सीट घेऊन बाजारात सोडे थे. रोज. एक गचका नाही बसला.’

तेवढ्यात स्पीकरवर कॅप्टन बोलले. पुरुषाचा आवाज. मी डोळे मिटून घेतले. मागून शेजारी म्हणाला, ‘काका, हा तं माणूस बोलून राहिला.’

‘थो तिच्या हाताखालचा असन,’ बाबा म्हणाले. ‘बोलाचं काम त्याच्याकडं.’

उठायला मला कोणी अडवलं नव्हतं. पट्ट्याचा दिवा विझल्यावर दोन पावलं मागं जायचं होतं, एवढंच. मी मनात वाक्य जुळवत राहिले. आता उठते, चहा येऊन गेला की उठते, त्यांच्या शेजारचा झोपला की उठते. आणि त्यांचं ऐकत राहिले. ढग आले की ते म्हणत, ‘पाहा, कसं बाजूनं काढलं.’ विमान जरा हललं की गप्प होत. मी, शंभर टन मालाचं विमान वादळातून काढणारी बाई, कानात काहीच न वाजणारे इयरफोन घालून खुर्चीत खाली खाली घसरत होते.

मुंबईत पाऊस होता. ओल्या धावपट्टीवर चाकं जरा जोरानंच टेकवावी लागतात. तसंच करायचं असतं, मीही तसंच केलं असतं. पण विमान दणकन आदळलं, कोणीतरी ओरडलं, आणि तो शेजारी म्हणाला, ‘काका, पोरीनं पटकलं ना!’

लोक हसले. बाबा नाही हसले. ओशाळून ते म्हणाले, ‘पानी हाये ना खाली. माफ करा.’

दुसऱ्याच्या लँडिंगची माफी माझे बाबा माझ्यासाठी मागत होते, आणि मी दोन रांगांवर बसून ते ऐकत होते.

दार उघडल्यावर ते घाईनं पुढं गेले. मी वाट सोडली, तोंड फिरवून. कॉकपिटजवळ ते बाजूला उभे राहिले आणि पिशवीतून स्टीलचा डबा काढला. लोक उतरत होते. मी उठले आणि त्यांच्या मागं जाऊन उभी राहिले. कॉकपिटचं दार उघडलं. आतून एक तरुण कॅप्टन बाहेर आला, मागून दुसरा पोरगा. बाबांनी त्यांच्या खांद्यावरून वाकून आत पाहिलं. आतल्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या.

‘बाबा,’ मी म्हटलं.

ते वळले. माझी जीन्स पाहिली, पाठीवरची बॅग पाहिली, हातातला बोर्डिंग पास पाहिला. तसाच त्यांच्याही हातात होता. मग ते पुन्हा कॅप्टनकडे वळले, डब्याचं झाकण काढलं आणि म्हणाले, ‘घ्या साहेब, लाडू घ्या. मस्त आनलं विमान.’ त्यानं अवघडून एक लाडू घेतला.

बाहेर खुर्च्यांवर आम्ही शेजारी बसलो. डबा त्यांच्या मांडीवर.

‘कुठी होती तू?’

‘तुमच्या दोन रांगा पुढं.’

‘आयकून राहिली होती?’

‘हो.’

त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं.

‘मंग तुवं विमान कोन्तं?’

मी सांगितलं. खिडक्या नाहीत, खुर्च्या नाहीत, माल असतो. औषधं, कापड, मोबाईल, एकदा शर्यतीचे घोडे होते.

‘किती माल?’

‘शंभर टन.’

‘हजार क्विंटल,’ ते पटकन म्हणाले, आणि क्षणभर त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. मग ते विझलं. ‘चोरीचा तं नाही ना?’

‘नाही हो.’

‘मंग काहून लपवलं वं? मी का जनमभर सोनं मोजलं? कांदेच मोजले ना.’

मी घड्याळ पाहिलं. माझ्या पुढच्या विमानाची वेळ होत आली होती. मी त्यांना परतीच्या गेटपर्यंत नेऊन बसवलं. ‘जाय, ड्युटी हाये तुही,’ म्हणाले. डबा माझ्या हातात दिला. ‘आदळलं तव्हा तरी मांगं पाहाचं होतं,’ एवढं बोलले आणि बाहेर उभ्या विमानांकडे बघत बसले.

पुढच्या सुट्टीत मी ठरवूनच आले होते. ज्यांना ज्यांना मी माणसांचं विमान चालवते असं वाटतं, त्यांना खरं सांगायचं. दुसऱ्याच दिवशी तिकीट काढून देणारा मुनीम घरी आला. आईनं चहा केला. तो बाबांना म्हणाला, ‘का काका, इचारीन इचारीन म्हनलं. बसले ना पोरीच्या विमानात? कशी चालवते?’

मी कप खाली ठेवला. माझ्या आधी बाबा बोलले.

‘मस्त. पोटातलं पानी नाही हाललं.’

जन्मभर वजन पुकारलेल्या त्याच मोठ्या, सरळ आवाजात ते बोलले. माझ्याकडे पाहिलं नाही. आई चुलीशी थबकली. तिला सगळं ठाऊक होतं.

मुनीम माझ्याकडे वळला. ‘खरं हो ताई? का काका फेकून राहिले?’

काट्याच्या एका बाजूला माझं खरं होतं, दुसऱ्या बाजूला बाबांचा शब्द. ते मी आता बोलले, तर ज्या माणसाचं वजन बाजारात कोणी दुसऱ्यांदा केलं नाही, तो माझ्यामुळे मुनीमासमोर खोटा पडणार होता.

‘खरं आहे,’ मी म्हटलं.

मुनीमानं मान हलवली आणि चहा संपवला. बाबा उठून गच्चीवर गेले. त्या वेळेला कुठलंही विमान नव्हतं.