उजव्या दंडातला उजेड

काड्यांच्या जाळावर वांगी भाजल्याचा वास आला की मला जळगावची ती तपासणी आठवते. आईच्या डाव्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली होती आणि ऑपरेशनआधी रोग हाडांत पसरलाय का, हे बघायला मी तिला पारोळ्याहून पेट-सीटी स्कॅनसाठी आणलं होतं. आदल्या दिवशी कष्टाचं काम करायचं नाही, असं बजावून सांगितलेलं होतं. पडद्यावर तिचा उजवा खांदा आणि दंड दिव्यासारखे पेटलेले दिसले, तेव्हा मला वाटलं, रोग हाडांत पोचला. डॉक्टरांनी मात्र ते चमकणारं चित्र सीटीच्या चित्रावर बसवलं आणि त्यावर बोट ठेवून म्हणाले, "हाडं स्वच्छ आहेत. हा उजेड स्नायूंत आहे. मावशी, काल काय काम केलंत?" आई पदर सावरत म्हणाली, "माले भेटाले पाव्हणा उनथात. तेस्नाकरता भरीत कुटं." मी बाजारात गेले तेवढ्यात या आजारी बाईने लाकडी बडगीत भेटायला आलेल्या वीस पाहुण्यांचं भरीत कुटलं होतं. डॉक्टर हसले. राबलेला स्नायू स्कॅनआधी टोचलेली साखर जास्त ओढतो म्हणून चमकतो, गाठीबाहेर रोग कुठेच नाही, असं त्यांनी सांगितलं. मी तिला रागावणार होते, पण पडद्यावरच्या त्या हाताकडे बघतच राहिले. आता भरीत मी कुटते आणि ती शेजारी बसून मीठ चाखते. कुटून कुटून दंड भरून आला की वाटतं, आत्ताच्या आत्ता स्कॅन काढावा आणि माझा हात तिच्याइतका चमकतो का ते बघावं.