कपाटभर मुठी

आमच्या अकोल्याच्या गल्लीत एक शेजारी आहे. त्याच्याकडे रिव्हॉल्वर नाही, पण नेमबाजीच्या जुन्या रिव्हॉल्वरांच्या लाकडी मुठी मात्र कपाटभर आहेत. ओट्यावर बसून त्यांना जवसाचं तेल चोळतो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतो, "अशी मूठ आता भेटत नाई." काय तो थाट!

परवा त्याची माय शेजारीच बसून काठीला चिंधी गुंडाळत होती. काठीची मूठ तडकून तिच्या तळहाताला टोचत होती. मी म्हटलं, "काहून रे, मायच्या काठीले एक मूठ नाई बसवून देत?"

त्याने हातातली मूठ छातीशी धरली. "काकू, हे अक्रोडाचं लाकूड हाय. काठीले नाई लावत."

बाजारात साधी मूठ मिळते, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

माय म्हणाली, "राहू द्या बाई, त्याचे हात तेलाचे हायेत."